दोराच्या टोकाला निर्घात

मे महिना. पहाटेचे चार वाजलेत. चंद्रपुरात उन्हाळ्यात फायबरचं काम करायचं तर हीच वेळ. ऊन वर आलं की रेझिन तुमचं ऐकत नाही. हार्डनरचे दोन थेंब जास्त पडले तर ते वाटीतच गोळा होतं, वाटी चटका देते आणि वर धूर धरते. गच्चीवर बल्ब लटकवून तुम्ही पालथ्या बोटीसमोर मांडी घालून बसला आहात. तीन मिलिमीटर प्लायच्या फासळ्या, त्यांवर प्लायचीच कातडी, कडांना बुरडाकडून सोलून आणलेल्या बांबूच्या कामट्या. पुढची नाळ मात्र शिवणीच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली. इथे सागाला काय तोटा! पण साग जड. शिवण हलकी, चाकूला मऊ, आणि पाण्यात दगा न देणारी.

ब्रशने फायबरचं कापड थापत तुम्ही नाळेपर्यंत येता, तेवढ्यात वाटी तापते. ती खाली टाकून तुम्ही हात झटकता, आणि झटकलेल्या हाताला बर्फाचा वारा लागतो.

तुम्ही व्लादिवोस्तोकमध्ये आहात. साल 1970 च्या आसपास. अंगावर जाड ओव्हरकोट आहे आणि बंदरातल्या पाण्यावर बर्फाची साय धरली आहे. वर्गात शेजारी बसलेले सगळे भारतीय नौसैनिक आहेत. फळ्यावर रशियन अक्षरं आहेत. इंजिनाच्या प्रत्येक झडपेचं, रडारच्या प्रत्येक कळीचं नाव रशियनमध्येच पाठ करायचं, कारण यंत्रावरच्या पाट्या त्याच भाषेत आहेत आणि शिकवणाऱ्याला दुसरी भाषा येत नाही. तुम्ही वहीत देवनागरीत उच्चार लिहून घेता. हे शब्द पुढे एका रात्री रेडिओवर उपयोगी पडणार आहेत, हे अजून वर्गात कुणाला ठाऊक नाही.

खिडकीतून ती दिसते. बुटकी, करडी, पाण्याला चिकटून बसलेली. पाश्चात्त्य देशांनी या जातीच्या बोटींना रशियन भाषेतलंच नाव दिलं: ओसा, म्हणजे गांधीलमाशी. लांबी 38.6 मीटर, रुंदी 7.6 मीटर, सगळा भार धरून वजन 209 टन. कवच पोलादी, वरचं बांधकाम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. पोटात तीन डिझेल इंजिनं, एकेकाला 42 सिलिंडर, एकेकाची ताकद 4000 अश्वशक्ती. वेग 38 नॉट, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटर. पाठीवर चार पेट्या आणि प्रत्येक पेटीत एक क्षेपणास्त्र. अशा आठ बोटी भारताने घेतल्या. नावंही कशी निवडली बघा: विद्युत, विजेता, वीर, विनाश, निपात, नाशक, निर्भीक आणि निर्घात. निर्घात म्हणजे वज्राचा आघात. गच्चीवरची तुमची बोट तीच आहे.

मापं तुम्ही कागदावरून घेतली, पण हाताला विश्वास वाटला तो कारवारात. गोव्याची हद्द संपली, काळी नदी ओलांडली की कारवार येतं. बाजारात कोकणी, मराठी आणि कानडी एकाच दुकानात कानावर पडतात. टागोर किनाऱ्यावर वाळूजवळ आयएनएस चपळ उभी आहे. 1976 साली नौदलात आली, 2005 साली निवृत्त झाली, आणि आता संग्रहालय म्हणून जमिनीवर बसली आहे. खिशातून सुतळी काढून तुम्ही तिच्या बाजूने चालता. पन्नासेक पावलं. पुढच्या डेकचा उतार, कठड्याची उंची, नाळेजवळ पत्र्याला आलेला बाक, हे नकाशात कळत नाही. तळहात टेकवला की कळतं.

मात्र चपळ ही पुढच्या पिढीची ओसा. तिची क्षेपणास्त्रं गोल नळकांड्यांत असत. 1971 च्या भारत-पाक युद्धातल्या बोटींवर चौकोनी पेट्या होत्या, पुढे वर उचलली जाणारी झाकणं असलेल्या. कारवारहून नळकांडी उतरवून घेऊन त्यांवर निर्घात हे नाव रंगवणं म्हणजे आजोबांच्या तसबिरीत नातवाचा चेहरा बसवणं. तुम्ही पेट्याच बनवता. क्षेपणास्त्र 5.8 मीटरचं, तुमच्या मापात साडेचौदा सेंटिमीटर. झाकण उघडायला सायकलच्या स्पोकचा तुकडा आणि एक लहान सर्व्हो. पहिलं झाकण नीट उघडायला तीन रविवार गेले.

तुमचं माप एकास चाळीस. लांबीला चाळीसने भागलं की साडेशहाण्णव सेंटिमीटर, हे सोपं. वजन तिन्ही दिशांनी घटतं, म्हणून चाळीस गुणिले चाळीस गुणिले चाळीस, म्हणजे 64,000 ने भागायचं. 209 टनांचे उरतात सव्वातीन किलो. बॅटरी, तीन ब्रशलेस मोटरी, शाफ्टच्या पितळी नळ्या, त्यांत भरलेलं ग्रीस, रंग, सगळं त्या सव्वातीन किलोत बसवायचं. वेगाचा हिशेब आणखी वेगळा. तो विल्यम फ्राउड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1870 च्या दशकात टॉर्की गावातल्या पाण्याच्या टाकीत मेणाची जहाजं ओढून पक्का केला: वेग लांबीच्या वर्गमुळाने घटतो. चाळीसचं वर्गमूळ सव्वासहा-साडेसहाच्या मध्ये. म्हणजे तुमची निर्घात ताशी अकरा किलोमीटरने धावली पाहिजे. काठाने पोरगं पळालं तर बरोबर राहील, एवढाच.

मोटरी याच्या दुप्पट वेग सहज देतात आणि बरेच जण तेवढा घेतातही. मग बोट पाण्यावर उड्या मारते, बघणारे टाळ्या वाजवतात. माझं मत ठाम आहे: तिथे निर्घात संपते आणि खेळणं सुरू होतं. अकरा किलोमीटरला जी लाट नाळेपासून सुटते, ती 1971 च्या फोटोंतल्या लाटेसारखी दिसते. त्या लाटेसाठीच सगळा खटाटोप.

नोव्हेंबर. रामाळा तलाव. गोंड राजांच्या काळातलं हे पाणी, आणि त्यावर सकाळचं धुकं. काठाची जलपर्णी हाताने बाजूला सारून तुम्ही बोट सोडता. जलपर्णीची मुळं पंख्यात गुंतली तर काम तमाम, म्हणून आधी वावभर जागा साफ. रिमोटची कांडी पुढे जाते, तीन मोटरी एकदम गुणगुणतात, आणि बोट नाक खुपसून पाणी अंगावर घेते. पुन्हा सोडता, पुन्हा तेच.

जाळं काढून डोंगा काठाला लावणारा ढिवर केव्हापासून बघतोय.

"त्या बॅटरीले मांगं घ्या न जी," तो म्हणतो. "समोर भार झाला. नाक दबून राहिलं."

तुम्ही डेकचं झाकण काढून बॅटरी चार बोटं मागे सरकवता. आता नाक उचललं जातं, मागची बाजू पाण्यात बसते, आणि दोन्ही अंगांनी पांढरी मिशी फुटते. तुमच्या तोंडून शब्द निघत नाही.

"आता कशी," ढिवर म्हणतो.

कांडी तशीच दाबून धरा. धुकं दाट होतंय. मोटरींची गुणगुण खोल जातेय, छातीत घुमू लागलीय. 126 सिलिंडर पायाखाली धडधडताहेत.

4 डिसेंबर 1971, रात्र. तुम्ही निर्घातवर आहात. डेकवर एकही दिवा नाही. मागे कुठेतरी वीर आहे, निपात आहे. निपातवर स्क्वाड्रनचे कमांडर बब्रूभान यादव. सोबत किलतान आणि कच्छल या दोन मोठ्या युद्धनौका. दिवसभर तुम्ही सगळे पाकिस्तानी विमानांच्या टप्प्याबाहेर राहिलात आणि अंधार पडल्यावर कराचीकडे तोंड वळवलंत. डिझेलचा वास, ओठांवर मीठ. रेडिओवर आपलीच माणसं बोलताहेत, पण रशियन. व्लादिवोस्तोकच्या वहीतले शब्द. ऐकणाऱ्या शत्रूला वाटावं की ही कुणी तिसरीच माणसं आहेत.

रडारवर ठिपका. निर्घातचे कप्तान लेफ्टनंट कमांडर आय. जे. शर्मा. रात्रीचे पावणेअकरा होत आलेत. पेटीचं झाकण वर उचललं जातं, ज्यासाठी तुम्ही तीन रविवार खर्च केलेत तेच झाकण. पुढच्या क्षणी सगळा डेक दिवसासारखा उजळतो, बोट मागे दबते, आणि उजेडाचा एक गोळा पाण्यावरून लांब जात लहान होतो. मग अंधार अधिकच काळा वाटतो. थोड्या मिनिटांनी दुसरं सुटतं.

तिकडे पाकिस्तानच्या खैबर या विनाशिकेवरच्या पहाऱ्याला आकाशातून येणारा एक तेजस्वी ठिपका दिसला. त्यांनी विमानाचा हल्ला झाल्याचं कळवलं, कारण बोटीवरून असं काही येऊ शकतं हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. खैबर बुडाली. पुढे वीरच्या क्षेपणास्त्राने मुहाफिझ हा सुरुंगशोधक गेला, निपातचं एक क्षेपणास्त्र कराचीतल्या केमारीच्या तेलटाक्यांवर पडलं. आपल्याकडचं कुणी दगावलं नाही. खैबरवरचे दोनशेहून अधिक खलाशी गेले. साडेचौदा सेंटिमीटरचं क्षेपणास्त्र पेटीत ठेवताना ते आठवावेत, असं मला वाटतं. मी माझ्या मॉडेलमधून काहीच उडवत नाही. झाकण उघडतं, आतला लाल ठिपका दिसतो, झाकण मिटतं.

4 डिसेंबर हा आपला नौदल दिन त्याच रात्रीचा.

पण एक प्रश्न त्या रात्रीपेक्षा मोठा आहे: एवढीशी बोट कराचीपर्यंत गेली कशी? त्याचं उत्तर रामाळ्यावर मिळतं. अकराव्या मिनिटाला गुणगुण उतरते. बोट तलावाच्या मधोमध थांबते, वाऱ्याने आडवी होते. बॅटरी संपली. सव्वातीन किलोत याहून मोठी बॅटरी बसतच नाही. वेग घ्या नाहीतर पल्ला घ्या. खऱ्या ओसाचंही दुखणं हेच होतं. आपल्या किनाऱ्याजवळ राहून चाल करून आलेल्या जहाजावर झडप घालायची, एवढ्यासाठी ती घडवलेली. टाकी लहान, इंजिनांचं आयुष्य तासांत मोजायचं. ती कराचीपर्यंत नेऊन परत आणायची, हे तिच्या नकाशात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ढिवर काही न बोलता डोंगा ढकलतो. तुमच्या बोटीच्या नाळेवर पितळेचं कडं आहे; मूळ बोटीवर होतं म्हणून तुम्ही बसवलंत, उपयोग कधी होईल असं वाटलं नव्हतं. तो नायलॉनची दोरी त्यात ओवून गाठ मारतो आणि वल्हं टाकतो. दोरी पाण्यातून वर येते, ताणते, तिच्यावरून थेंब ओघळतात. निर्घात मान वळवून मागे मागे निघते.

आणि तुम्ही 1971 च्या पूर्वार्धात आहात, बंगालच्या उपसागरात. सोव्हिएत मालवाहू जहाजांच्या डेकवर चढून आलेल्या या बोटी मुंबईत उतरवायला एवढी ताकदवान क्रेन नव्हती, म्हणून कोलकात्यात उतरवल्या. आता मोठ्या जहाजांच्या मागे दोर बांधून त्यांना सगळ्या हिंदुस्थानाला वळसा घालत मुंबईला नेताहेत. बोटीची इंजिनं गप्प आहेत. दोर कधी पाण्यात बुडतो, कधी तारेसारखा ताणून कण्हतो. दर काही तासांनी माणूस जाऊन दोराची घासलेली जागा बघतो. याच प्रवासात नौदलाला प्रत्यक्ष करून कळलं की ही बोट शेकडो मैल ओढून नेता येते, तिची इंजिनं खर्च न करता. लहान पल्ल्याची गांधीलमाशी दूर नेऊन सोडता येते.

उजव्या हाताला, क्षितिजाखाली, गोदावरीचं मुख आहे. कोलकात्याहून मुंबईला समुद्राने जायचं तर ते ओलांडावंच लागतं. तिथे समुद्राला मिळणाऱ्या पाण्यात तुमचं पाणी आहे. झरपट आणि इरई चंद्रपुरातून वर्धेला जातात, वर्धा गडचिरोलीत चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते. समुद्र न पाहिलेल्या आपल्या जंगलाचं पाणी त्या आठ बोटींच्या बाजूला येऊन थांबलं होतं.

याच पाण्यावरून बोटी चढवायचं स्वप्न याआधीही कुणी पाहिलं होतं. दोर हातात धरून आणखी शंभर वर्षं मागे या. अहेरीजवळ देवलमरी, प्राणहितेचं पात्र. खडकांचा आडवा पट्टा, त्यावर सुरुंगाचा धूर, घामेजलेले मजूर. समुद्रापासून वर्धेपर्यंत जलमार्ग काढायचा, इकडचा कापूस बोटीने किनाऱ्याला न्यायचा, हा इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटन यांचा ध्यास. वाटेत खडकांचे तीन अडसर: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि हे देवलमरी. सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं. दहा वर्षं पैसा ओतला, आणि 1871 साली सरकारने काम सोडून दिलं. मजूर हत्यारं उचलतात. खडकांमधल्या शांत डबक्यात एक ढिवर डोंगा वल्हवत जातो, एकाच खोडातून कोरलेला, वितभर पाण्यातही न अडणारा. त्याच्यासाठी नदी कालही चालू होती, आजही चालू आहे.

डोंगा काठाला टेकतो. ढिवर दोरी सैल सोडतो, पण गाठ सोडत नाही. कड्याकडे वाकून बघतो, बोटाने दाबतो.

"हे मजबूत बसवलं जी तुम्ही," तो म्हणतो. "उद्या मोठी दोरी आणतो. पलीकडच्या काठापासून ओढून आणू, मंग इथून सोडा तिले."