शेतसाऱ्यातला आणा आणि कॉलेजची वाट

जुन्नरचे श्री शिवछत्रपती, मंचरचे अण्णासाहेब आवटे, ओतूरचे अण्णासाहेब वाघिरे आणि घोडेगावचे बी. डी. काळे या चार महाविद्यालयांनी दोन तालुक्यांतल्या कितीतरी घरांना पहिला पदवीधर दिला. यांतले एकही सरकारने काढलेले नाही. संस्थेने कॉलेज उभारायचे आणि सरकारने अनुदान द्यायचे, ही रीत स्वातंत्र्यानंतरची असावी असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिचे मूळ १८५४च्या वुडच्या खलित्यात आहे. खासगी शाळा-कॉलेजांनी तपासणी मान्य करावी, विद्यार्थ्यांकडून थोडीतरी फी घ्यावी आणि त्या बदल्यात सरकारी मदत मिळवावी, असे तत्त्व त्यात घातले गेले.

ही मदत येत होती कोठून? मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून घेतला जाई आणि त्यातला एक हिस्सा शिक्षणासाठी असे. जुन्नरचा कुणबी आणा भरत होता. पण त्याचे पोर कॉलेजात दिसत नव्हते. जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर १८८२मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमके यावरच बोट ठेवले. महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना, हा त्यांचा आक्षेप सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनातला दुसरा मुद्दा मात्र फारसा सांगितला जात नाही. सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घेण्यालाही त्यांचा विरोध होता. मागे राहिलेल्या जातींतल्या मुलांना शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि वरचे शिक्षण सर्वांच्या आवाक्यात आणावे, अशी त्यांची मागणी होती. हे विचार आपल्याकडे परके नव्हते. ओतूरचे भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे हे त्यांचे सत्यशोधक सहकारी.

म्हणजे पैसा संस्थेला द्यावा आणि विद्यार्थ्यालाही, या दोन्ही वाटा १८८२मध्येच मांडलेल्या होत्या. पुढचा इतिहास म्हणजे या दोन वाटांची ओढाताण.

यशवंतराव चव्हाणांच्या काळात वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली. ‘ईबीसी’ ही तीन अक्षरे कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात तेव्हा शिरली. पुढे प्राध्यापकांच्या पगाराचा भार शासनाने उचलला, म्हणून तालुक्याच्या गावी कॉलेज तग धरू शकले. १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये आली. २००१ साली ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. अनुदानित कॉलेजातही जागा रिकामी राहिली की तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक येतो. तास घेतला तर मानधन, सुट्टीत काही नाही.

दुसरी वाट पश्चिम पट्ट्यातून जाते. डिंभ्याच्या वर, आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्ती आहे. तिथल्या मुलामुलींना फी माफ असून भागत नाही. राहायला खोली आणि दोन वेळचे जेवण लागते. त्यासाठी घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, वसतिगृहे आहेत. एप्रिल २०१८मध्ये शासनाने वसतिगृहांच्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँकखात्यात टाकायचे ठरवले. जुलैमध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. ‘पैसे नकोत, जेवण द्या’ असे त्यांच्या मागणीचे सार होते. पैसे उशिरा आले तर त्या दिवशी खायचे काय, हा त्यांचा प्रश्न.

पुणे-नाशिक रस्ता मंचर आणि नारायणगाव या गावांवरून जातो. ज्या मुलुखातला आणा इंग्रज सरकारने गोळा केला, त्याच मुलुखातून ही पोरे चालत गेली. मला या दोन घटनांत सलग धागा दिसतो. संस्थेच्या अनुदानातून शिकवणारा उभा राहतो, विद्यार्थ्याच्या मदतीतून शिकणारा. एकाचा पैसा कापून दुसऱ्याला दिल्याचे दाखवता येते, पण आहुप्याची मुलगी पदवीपर्यंत पोचायची तर वर्गात पूर्णवेळ शिक्षक हवा आणि वसतिगृहात रात्रीचे ताट वेळेवर हवे. १८८२च्या निवेदनात या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी होत्या. आपण त्या वेगवेगळ्या खात्यांत टाकल्या.