नेट गेलं तरी चालू राहणारं पान

गूगल डॉक्समध्ये लिहिता लिहिता नेट गेलं, तरी आधी तशी व्यवस्था केलेली असेल तर टायपिंग थांबत नाही. रेंज आली की मधल्या वेळात लिहिलेलं सगळं आपोआप मूळ फाइलमध्ये जाऊन बसतं. ही सोय मोबाइलच्या जमान्यातली वाटते, पण तिचं मूळ वेबच्याही आधीचं आहे.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८०च्या दशकात सगळ्यांच्या फाइली सर्व्हरवर ठेवणारी अँड्र्यू नावाची यंत्रणा होती. कुठल्याही संगणकावर बसावं आणि आपली फाइल उघडावी. पण सर्व्हर किंवा नेटवर्क बंद पडलं, की काम ठप्प. मद्रास आयआयटीत शिकलेले महादेव सत्यनारायणन तिथे प्राध्यापक होते. १९८७ मध्ये त्यांनी ‘कोडा’ ही नवी यंत्रणा उभारायला घेतली आणि १९९१ मध्ये जेम्स किस्लर या विद्यार्थ्याबरोबर तिच्यावरचा गाजलेला शोधनिबंध मांडला.

कोडाचं काम तीन टप्प्यांत चाले. संपर्क असताना लागणाऱ्या फाइली आपल्या संगणकावर आणून ठेवायच्या. कोकणात पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करतात, तशीच ही तजवीज. संपर्क तुटला की त्याच प्रतींवर काम करायचं आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची. संपर्क आला की त्या नोंदी क्रमाने सर्व्हरवर चढवायच्या. दोघांनी एकच फाइल बदलली तर घोळ होणार, ही भीती होतीच. म्हणून त्यांनी अँड्र्यूवरच्या नोंदी तपासल्या, तर ९९ टक्क्यांहून जास्त बदल त्या फाइलवर आधी काम केलेल्या माणसानेच केलेले निघाले.

मात्र एकाच पानावर चौघं मिळून लिहू लागले, की हा दिलासा पुरत नाही. समजा, सभेच्या सूचनेत ‘सभा सोमवारी आहे’ असं वाक्य आहे. कसारा घाटातल्या बोगद्यात रेंज गेलेली असताना सचिव ‘सोमवारी’च्या जागी ‘मंगळवारी’ करतात. त्याच वेळी नाशिकला अध्यक्ष वाक्याच्या सुरुवातीला ‘वार्षिक’ हा शब्द घालतात. आता सचिवांनी बदललेला शब्द दुसरा न राहता तिसरा झाला. जुन्या जागेचा हिशोब धरला तर ‘सभा’ पुसली जाईल आणि ‘वार्षिक मंगळवारी सोमवारी आहे’ असं काहीतरी उरेल. म्हणून सचिवांचा बदल लावण्याआधी त्याची जागा एका शब्दाने पुढे सरकवावी लागते. हे सरकवण्याचं तंत्र टेक्सासमधल्या ऑस्टिनला क्लॅरन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ मध्ये मांडलं. गूगल डॉक्स आजही त्याच घराण्यातल्या तंत्रावर चालतं. या सोयीतलं खरं कसब इथे आहे. प्रत साठवून ठेवणं त्या मानाने सोपं.

ब्राउझरमध्ये हे सगळं यायला बराच काळ गेला. २००५ मध्ये आलेलं ‘रायटली’ गूगलने पुढच्या वर्षी विकत घेतलं आणि त्यातून डॉक्स घडलं. मे २००७ मध्ये गूगलने ‘गिअर्स’ हे जोडसॉफ्टवेअर आणलं. त्यामुळे ब्राउझरला संगणकावरच छोटा डेटाबेस ठेवता येऊ लागला. पण गिअर्स वापरून नेटशिवाय लिहिण्याची सोय आधी दिली ती चेन्नईत वाढलेल्या झोहोने, २००७च्या नोव्हेंबरमध्ये. खुद्द गूगल डॉक्समध्ये ती २००८च्या वसंतात आली. या कथेत झोहोचं नाव क्वचित घेतलं जातं. ते घेतलंच पाहिजे.

मग ही सोय चक्क काढून घेतली गेली. डॉक्सचा लेखनाचा भाग नव्याने बांधला जात होता, गिअर्स मागे पडत होतं, आणि ३ मे २०१० पासून ऑफलाइन काम बंद झालं. ते परतलं जून २०१२ मध्ये, गिअर्सशिवाय, ब्राउझरच्याच साठवणीच्या बळावर. जिथे नेट सतत जातं, तिथल्या लोकांसाठी ती दोन वर्षं फार मोठी होती. अशी सोय शोभेची नव्हे, पायाभूत मानायला हवी.

कोडाचा पहिला टप्पा मात्र आजही टळलेला नाही: तयारी नेट असतानाच करावी लागते. क्रोम किंवा एजमध्ये गूगल ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ऑफलाइनच्या चौकटीत खूण करा आणि महत्त्वाच्या फाइली ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवा. इन्कॉग्निटो खिडकीत हे चालत नाही. सायबर कॅफेतल्या किंवा कचेरीतल्या सामायिक संगणकावर ही खूण करू नका, कारण प्रती तिथेच राहतात. आणि ऑफलाइन केलेले बदल वर चढेपर्यंत ब्राउझरचा डेटा पुसू नका. तोवर तुमचं लेखन फक्त त्या एकाच संगणकावर असतं.