फासगाठ सोडविणारा

कामगार-चळवळीत वावरणाऱ्या आम्हां मंडळींना मालकांचे एक वाक्य तोंडपाठ झाले आहे: ‘हा माणूस नसला तरी कारखाना चालतो, तेव्हा हा जादा.’ एका जनुकाविषयीही असाच निवाडा व्हावा, अशी वेळ एकदा आली होती. त्याचा हा इतिहास.

जनुकातील मजकूर पेशी प्रथम आरएनएवर उतरून घेते व त्याबरहुकूम प्रथिने घडविते. हा मजकूर सलग असतो, असे पूर्वी धरून चालत. १९७७ साली अमेरिकेत फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या दोन गटांना एका विषाणूचा अभ्यास करताना निराळेच आढळले. मजकुराच्या मध्ये प्रथिनाच्या उपयोगी न पडणारे तुकडे असतात. ते कापून टाकून उरलेला आरएनए सांधला जातो. १९९३ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मग कापलेल्या तुकड्याचे होते काय? १९८४ साली दिसून आले, की त्याचे एक टोक त्याच्याच अंगात गुंतून दोराच्या फासासारखी गाठ बसते. १९८५ साली बार्बरा रस्किन व मायकेल ग्रीन यांनी मानवी पेशींच्या अर्कात ही गाठ सोडविणारे एन्झाइम दाखवून दिले. गाठ सुटली, म्हणजे तुकड्याची मोड होऊन माल पुन्हा कामी येतो.

१९९१ साली पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्ये या एन्झाइमचे जनुक सापडले. त्याचे नाव डीबीआर-१. ते निकामी करताच फासांचा ढीग साचला. पण यीस्ट जवळजवळ पूर्वीसारखेच वाढत राहिले! येथे मालक असता, तर त्याने त्याच दिवशी कपातीची नोटीस लावली असती.

माणसात हे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. २०१८ साली ‘सेल’ या नियतकालिकात काही मुलांची हकीकत प्रसिद्ध झाली. मुले एरवी निरोगी, निरनिराळ्या वंशांची; परंतु हर्पीस, इन्फ्लुएन्झा किंवा नोरोव्हायरस यांपैकी एकाने त्यांच्या मस्तिष्कस्तंभात शिरकाव केला होता. हे विषाणू बहुतेकांच्या मेंदूपर्यंत पोहोचत नाहीत. या मुलांच्या डीबीआर-१ च्या, आईकडून व वडिलांकडून आलेल्या, दोन्ही प्रती सदोष निघाल्या. त्यांच्या पेशींत फास साचले होते, आणि हर्पीसचा विषाणू शिरताच ते आणखी वाढत. हे काम करणारे दुसरे एन्झाइम माणसात ठाऊक नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, कोणाला जादा ठरविण्यापूर्वी त्याच्यावाचून काम चालले एवढेच पाहू नये. ते सुखाच्या दिवसांत चालले की संकटाच्या, हेही विचारावे.