भागबदल, मोटारविक्रीतील

गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून डीलरने आवारातल्या एका नव्या मोटारीचे भाग काढून दुसरीला बसवून देण्याची प्रथा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही दशकांत ती अमेरिकेत प्रचलित होती.

कारणे : त्या काळी एकाच मॉडेलला रंग, इंजिन, गिअरबॉक्स, सीट, रेडिओ आणि चाके यांचे कितीतरी पर्याय असत. मनाजोगती गाडी कारखान्यातून मागवायची तर काही आठवडे थांबावे लागे. इकडे आवारात उभ्या गाड्यांवर डीलरच्या कर्जाचे व्याज चढत राही. गिऱ्हाइकाला लाल गाडी पसंत पडली, पण चाके शेजारच्या निळ्या गाडीची आवडली, तर जॅक लावून दोन्ही गाड्यांची चाके बदलली जात आणि सौदा पक्का होई. चाके, हबकॅप, रेडिओ यांची अदलाबदल सोपी. सीट बदलायला थोडा अधिक वेळ लागे.

किंमतपत्रक : १९५८ च्या संघीय कायद्याने नव्या मोटारीच्या काचेवर निर्मात्याची सुचवलेली किंमत आणि कारखान्यात बसवलेले जादा पर्याय दाखवणारे पत्रक लावणे सक्तीचे झाले. कायद्याचे पुरस्कर्ते सिनेटर माइक मोनरोनी यांच्या नावानेच ते ओळखले जाते. भागबदल झाला की दोन्ही गाड्यांची पत्रके खोटी पडत.

इंजिनबदल : काही डीलरांनी याच कौशल्याचा स्वतंत्र धंदा केला. जनरल मोटर्स कंपनी तेव्हा आपल्या शेव्हरोले कॅमारो या मोटारीत ४०० घन इंचांहून मोठे इंजिन बसवत नसे. पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्गचे शेव्हरोले डीलर डॉन येंको यांनी १९६७ मध्ये कॅमारोतील ३९६ घन इंचांचे इंजिन काढून ४२७ घन इंचांचे (सुमारे ७ लिटर) बसवून त्या गाड्या विकल्या. १९६९ मध्ये खास मागणीवरून कारखानाच ते इंजिन बसवून देऊ लागला.

संग्राहकांपुढील पेच : जुन्या मोटारींच्या बाजारात इंजिनावरचा क्रमांक चासीच्या क्रमांकाशी जुळला, तर गाडीला चढा भाव येतो. डीलरकडे इंजिन बदललेली गाडी या कसोटीला सहसा उतरत नाही. मात्र येंकोसारख्या नामांकित डीलरची कागदपत्रे सोबत असली, तर तोच बदल तिची किंमत वाढवतो. हबकॅपवर असा क्रमांकच नसतो. त्यामुळे पहिल्या मालकाने गाडी घरी नेली त्याच दिवशी झालेली अदलाबदल पुढे ‘मूळची’ म्हणून खपून जाते.