निर्गुणी भजनं आणि आमच्यासारखे नास्तिक

"देव मानत नाहीस, मग दिवसभर भजनं कसली लावतोस?" हा आमच्या घरातला ठरलेला टोमणा. मंडळी, याचं उत्तर देवासला आहे.

कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. लहानपणीच मैफली गाजवल्या, आणि ऐन विशीत क्षयाने गाठलं. कोरड्या हवेसाठी १९४८ साली ते माळव्यात, देवासला आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं. एक-दोन महिने नव्हे, काही वर्षं! गवयाने गायचं नाही म्हटल्यावर उरतं काय? ऐकणं. माळव्यातल्या बायकांची लोकगीतं, भिक्षेला फिरणाऱ्या नाथपंथी जोग्यांची कबीर-गोरखनाथांची पदं. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेला माणूस पुढे तीच पदं गायला.

सगुण भजनात समोर मूर्ती असते. ती मानली नाही की आपण उंबऱ्याबाहेर. इथे हाक साधूला, अवधूताला, म्हणजे ऐकणाऱ्यालाच. विषय देह, श्वास, मरण. ते काय नास्तिकाला चुकलंय?

"शब्द सोडा, सूर ऐका" म्हणणारे रसिक भेटतात. मला नाही पटत. कुमारांनी या पदांत ताना आवरल्या, शब्द मोकळा ठेवला. तो नीट ऐकू यावा म्हणूनच ना?

त्यांनी 'तुकाराम दर्शन'ही केलं. तिथे मात्र विठ्ठल समोर उभाच असतो आणि मी जरा अडखळतो. तरी ऐकतो.