झेपेल तेवढंच?

शिंदखेडा तालुक्यात दुखवट्याला कुणाच्या दारावर बसायला गेलं की दोन-चार वाक्यं ठरलेली असतात. त्यातलं एक असं : देव माणसाला झेपेल तेवढंच ओझं देतो. हे वाक्य पंथ पाहत नाही. माळकऱ्याच्या ओसरीवर ते जितकं सहज बोललं जातं, तितकंच पश्चिम खानदेशातल्या ख्रिस्ती घरांतही. फरक एवढाच, की ख्रिस्ती घरात त्याच्या पाठीशी प्रेषित पौलाचं नाव लावलं जातं. माझं म्हणणं असं, की ते नाव तिथे चुकीनं लागलं आहे आणि देवावर भरवसा ठेवण्याचा ख्रिस्ती श्रद्धेतला अर्थ या वाक्याच्या अगदी उलटा आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून पाडायचा नाही, हा आपल्याकडच्या वादाचा जुना दंडक आहे. म्हणून आधी त्याची बाजू. देव न्यायी आहे, बाप पोराच्या डोक्यावर क्विंटलचं पोतं ठेवत नाही, मग देव कसा ठेवील, ही त्याची पहिली बाजू. दुसरा आधार शास्त्राचा : करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १०, वचन १३. तिथे पौल म्हणतो, तुमच्या शक्तीपलीकडे तुमची परीक्षा देव होऊ देणार नाही. तिसरा आधार अनुभवाचा. ‘आता संपलो’ म्हणणारी कितीतरी माणसं तगली, उभी राहिली, पोरांची लग्नं करून मोकळी झाली. म्हणजे झेपतंच की!

अनुभवापासून सुरुवात करू, कारण तो सर्वांत पटकन ढासळतो. तगलेला माणूस सांगायला उरतो. जो तगला नाही त्याची साक्ष कोण काढणार? जानेवारी २०१८ मध्ये याच तालुक्यातल्या विखरणच्या ८४ वर्षांच्या एका शेतकऱ्यानं संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी दारोदार फिरून अखेर मंत्रालयात विष घेतलं. काही दिवसांनी मुंबईतच त्याचा अंत झाला. महाराष्ट्रभर ती बातमी गाजली. हा माणूस स्वस्थ बसला नव्हता. अर्ज, हेलपाटे, विनंत्या, सगळं त्यानं केलं होतं. त्याच्या बाबतीत साधं सत्य एवढंच, की झेपलं नाही. आता वरचं वाक्य खरं धरलं, तर पुढचा निष्कर्ष टळत नाही : देवानं तर मापूनच दिलं होतं, कमी पडला तो म्हातारा. सांत्वनाच्या आवाजात आपण मेलेल्यावर ठपका ठेवतो आणि आपल्याला ते कळतही नाही.

आता शास्त्र. पहिल्या पत्राचा दहावा अध्याय अखंड वाचला तर विषय लख्ख दिसतो. इस्राएल लोक अरण्यात मूर्तीपुढे नाचले, कुरकुरले, व्यभिचारात पडले; त्यांचं झालं ते तुमचं होऊ नये, असं पौल करिंथच्या मंडळीला बजावतो आहे. तिथली परीक्षा म्हणजे पापाचा मोह. त्या मोहातून निसटायला देव वाट ठेवतो, म्हणून ‘मला दुसरा इलाजच नव्हता’ ही सबब चालणार नाही, असा त्या वचनाचा रोख आहे. कर्ज, कॅन्सर, नापिकी, तरणाताठा मुलगा जाणं, यांतलं काहीही त्या अध्यायात नाही. मोहाबद्दलचं आश्वासन उचलून आपण ते दुःखाला चिकटवलं.

आणि पौलानं दुःखाबद्दल काहीच लिहिलं नाही असंही नाही. त्याच मंडळीला, बहुधा वर्ष-दीड वर्षात, त्यानं पुढचं पत्र धाडलं. त्याच्या पहिल्याच अध्यायात, वचन ८ आणि ९ मध्ये, आशिया प्रांतात आपल्यावर काय गुदरलं ते तो सांगतो. ओझं शक्तीबाहेरचं होतं, जगण्याचीही आशा सुटली होती, मरणाची शिक्षा झाल्यासारखंच वाटत होतं. पुढे कारणही देतो : आपण स्वतःवर नव्हे, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर विसंबावं म्हणून. हे दोन्ही कागद एकाच मंडळीच्या हाती होते. त्यांपैकी एकाचा अर्थ ‘देव झेपेल तेवढंच देतो’ असा असता, तर दुसरं पत्र वाचताना करिंथकरांनी पौलाला वेड्यात काढलं असतं.

देवासाठी त्यानं निवडलेलं विशेषणही पाहण्यासारखं आहे. बळ देणारा, धीर देणारा, आधार देणारा, असं काही तो या वचनात म्हणत नाही. मेलेल्यांना उठवणारा म्हणतो. आजाऱ्याकडे थोडी तरी ताकद शिल्लक असते, मेलेल्याकडे मुळीच नसते. म्हणजे पौलाचा देव माणसाच्या कुवतीत भर घालणारा नाही. कुवत शून्यावर आली तरी त्याचं अडत नाही. जुन्या करारात शास्ते या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात हीच गोष्ट आकड्यांत मांडली आहे. गिदोनाजवळ ३२,००० माणसं होती. देवानं ती आधी १०,००० वर आणली आणि मग ३०० वर. झेपेल तेवढं द्यायचं असतं, तर मिद्यानी कमी केले असते. इथे उलट गिदोनाचीच माणसं कमी केली. (गिदोनानं मात्र त्या तीनशेंच्या हाती मडकी, मशाली आणि शिंगं दिली आणि पहारा बदलण्याची वेळ साधली. तो नुसता गुडघे टेकून बसला नाही.)

इथवर आलो की दुसरा आक्षेपक उठतो आणि त्याला आपल्या धुळे जिल्ह्यात मान आहे. १८९३ साली धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा निघाली. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी बाडं गोळा करून धुळ्याला यत्नवादाचं एक पीठच करून टाकलं. त्या हवेत वाढलेला माणूस म्हणणार, तुमचा पौल सरळ सरळ दैववाद शिकवतो. कुवत नाही म्हणून देवावर सोडा, म्हणजे शेवटी असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. आम्ही प्रयत्नांती परमेश्वर मानतो. आधी प्रयत्न, देव नंतर. विनोबांना या पक्षात ओढायचा मोह होतो, पण ओढू नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ते गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं, त्यात काम पुरतं करा आणि फळावर हक्क सांगू नका, असा सूर आहे. तो या आक्षेपकाला सोयीचा नाही.

मला गंमत वाटते ती ही, की सांत्वन करणारा भाविक आणि हा यत्नवादी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण दोघांचा हिशेब एकच आहे. देवाचं काम माणसाच्या कुवतीवरून मोजायचं. भाविक म्हणतो, देव कुवतीइतकंच देतो. यत्नवादी म्हणतो, कुवत वापरायला आळस करणाऱ्यालाच देव लागतो. भरवसा वाढला की प्रयत्न घटतो, प्रयत्न वाढला की भरवशाची गरज घटते, हे दोघांनाही कबूल.

हा हिशेब आपल्याच शिवारात चुकतो. तापी तालुक्याच्या उत्तरेनं वाहते, सुलवाड्याला बॅरेज आहे, सुलवाडे-जामफळ योजनेची चर्चा तर किती वर्षं चालू आहे. तरी तालुक्यातली बरीच जमीन आजही आभाळाकडेच बघते. अशा रानात धूळपेरणी करणाऱ्याचा विचार करा. नांगरट झाली, वखरणी झाली, बियाण्याचे पैसे गेले, मजुरी गेली आणि कोरड्या धुळीत सरकी पडली. सगळ्यात जास्त खपलाय तोच आणि पावसावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे तोही तोच. पेरलंच नाही, त्याला पाऊस आला काय नि गेला काय! खाटल्यावर पडलेला माणूस कुणावरच विसंबलेला नसतो, कारण त्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं.

महाराष्ट्रात याचा खराखुरा पुरावा पाहायचा तर पंडिता रमाबाईंकडे जावं लागतं आणि तिथे थोडं थांबावं लागतं. रमाबाईंनी खाटल्यावरचा हरी लहानपणीच पाहिला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई, थोरली बहीण, सगळं कुटुंब तीर्थांमागून तीर्थं फिरत होतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात होतं नव्हतं ते दानधर्मात आणि देवांना प्रसन्न करण्यात गेलं. अंगमेहनतीचं काम करायची सवय नव्हती आणि कुळाचा अभिमान ते करूही देत नव्हता. वडील, आई, बहीण, तिघंही गेली. १८९७ साली पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंनी हे सगळं स्वतः लिहिलं, कसलीही सारवासारव न करता. त्या तिघांनंतर १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये नवरा बिपिनबिहारी. तेवीस वर्षांची विधवा आणि पदरात मनोरमा. देवावर भरवसा म्हणजे हात जोडून वाट पाहणं, या कल्पनेची किंमत इतकी मोजून झालेली बाई महाराष्ट्रात दुसरी दाखवा.

आणि हीच बाई पुढे देवावर विसंबण्याचं टोक गाठते. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं, त्यामागे बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचं दहा वर्षं पैसा पुरवण्याचं वचन होतं. त्या वचनाची मुदत १८९८ ला भरली. साधा संसारी शहाणपणा सांगतो, की आता मुली कमी करा. रमाबाई नेमक्या याच सुमारास मुली वाढवत होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, पुढच्या दुष्काळात गुजरातेतून. १९०० च्या आसपास केडगावच्या ‘मुक्ती’ या त्यांच्या संस्थेत जवळजवळ दोन हजार तोंडं होती. ब्रिस्टलला हजारो अनाथ सांभाळणारे जॉर्ज म्यूलर आणि चीनमध्ये मिशन चालवणारे हडसन टेलर यांची चरित्रं वाचून, देवावर विसंबून हे चालतं, अशी त्यांची खात्री झाली होती.

पण मग मुक्तीत रोज काय चालत होतं? शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना. दुष्काळातून उचललेल्या मुली खिळे जुळवत होत्या. मूळ हिब्रू-ग्रीक पाहून मराठी बायबल करायचं काम रमाबाई पुढची कित्येक वर्षं करत राहिल्या, तेही कान अधू झालेले असताना. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. मुक्ती जिच्या हाती सोपवायची ती लेक. रमाबाईंनी मुद्रितं तपासायचं काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. ग्रंथ त्यांच्या मागे, १९२४ मध्ये निघाला. यत्नवाद्यानं सांगावं, यात प्रयत्न कुठे घटला? भाविकानं सांगावं, यात झेपेल तेवढं काय होतं?

यावर चलाख उत्तर ठरलेलं आहे : देव कसला, परदेशी पैसा. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. म्यूलर पैसे मागत नसत हे खरं, पण दरवर्षी अहवाल छापत आणि अहवाल हेही एक प्रकारचं मागणंच असतं. रमाबाईंचीही पत्रकं परदेशी जात. पैसा माणसांच्याच हातून आला, हे निर्विवाद. प्रश्न पैसा कुठून आला हा नाही. तो येईल याची हमी नसताना मुलगी दारात आली, तेव्हा दार उघडायचं की नाही, हा आहे. हमी असलेल्या संस्थाही परदेशी पैशावर चालत आणि त्या जागा संपल्या की दार लावून घेत. फरक तिथे दिसतो, जमाखर्चाच्या वहीत नव्हे.

खरा बोचरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त न मागता सापडतो. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक देवावर हवाला ठेवून पैसे वाटून टाकत, १९१७ साली तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला. आणि चूल पेटवायची जबाबदारी कुणाची, हे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. एकाचा भरवसा दुसऱ्याच्या राबण्यावर उभा असेल, तर तो देवावरचा भरवसा म्हणवतो का? टिळकांवर माझी माया आहे, तरी या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्या बाजूनं देता येत नाही.

‘औषध कशाला, प्रार्थना आहे ना’ म्हणणाऱ्यांची एक जात आता आपल्याकडेही दिसू लागली आहे. त्यांच्यासाठी फार शब्द खर्चायची गरज नाही. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला १९४२ पासून ख्रिस्ती दवाखाना आहे. प्रार्थना करणाऱ्यांनीच तो उभारला. आपला भरवसा कमी पडला म्हणून औषधं ठेवतोय, असं त्यांना वाटलं नाही.

उरतो तो भाविकाचा पहिला मुद्दा, देवाच्या न्यायाचा. हे ओझं झेपणार नव्हतं असं मान्य केलं, तर देव निर्दय ठरत नाही का? इथे पौल सोपं उत्तर देत नाही. त्याच दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो आपल्या देहातल्या एका काट्याबद्दल लिहितो. तो निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही, फक्त कृपा पुरेशी आहे असं उत्तर आलं. म्हणजे भरवसा ही काम करवून घ्यायची युक्तीही नव्हे. न्यायाचं गणित पौल जुळवून दाखवत नाही आणि ते त्यानं दाखवलं नाही म्हणूनच मला त्याचं म्हणणं खरं वाटतं. ओझं शक्तीबाहेरचं होतं, हे तो आधी कबूल करतो, मगच देवाचं नाव घेतो. दारावर बसलेल्या आपल्याला निदान पहिली अर्धी गोष्ट तरी करता येईल : ‘हे झेपण्यासारखं नाही’ असं म्हणता येईल.

त्यानंतर गप्प बसून निघून यावं, असंही ते पत्र सांगत नाही. ‘झेपेल तेवढंच’ या वाक्याचा मोठा फायदा बोलणाऱ्याला होतो, कारण देवानं मापून दिलंय म्हटल्यावर आपल्याला खांदा द्यायचं कारण उरत नाही. पौलाचं पत्र मात्र आठव्या-नवव्या अध्यायात चक्क वर्गणीवर येतं. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी पैसे हवे आहेत. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः कंगाल होत्या, तरी त्यांनी शक्तीपलीकडे दिलं, असं सांगून तो करिंथकरांना डिवचतो. पहिल्या अध्यायात ओझं शक्तीपलीकडचं होतं, आठव्यात देणंही तसंच आहे. आणि या रकमेवरून कुणी बोट दाखवू नये, म्हणून आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांच्या विश्वासातली आणखी माणसं पाठवत असल्याचंही तो लगेच कळवतो.