पेन्सिलीची नोंद आणि संगणकाचे हुकूम

सातबाराशी आपला संबंध कधी ना कधी येतोच. पण हे सात आणि बारा कसले, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. ते गावनमुन्यांचे क्रमांक होत. सात हा जमिनीवरच्या हक्काचा आणि बारा हा पिकांचा. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील एफ. जी. एच. अँडरसन या अधिकाऱ्याने महसुली हिशेबांची एक पुस्तिका तयार केली. तीत गावाच्या दप्तराचे एक ते एकवीस नमुने आहेत, आणि कोणता नमुना कशावरून भरावयाचा व कशाशी ताडून पाहावयाचा हेही आहे. महसूल खात्यातील मंडळी तिला अजून 'अँडरसन मॅन्युअल'च म्हणतात. अकोल्याच्या डोंगरात ऐन पावसाळ्यात बसलेल्या तलाठ्याला शंका विचारायला नगर गाठणे काही सोपे नव्हते. पुस्तकात जे लिहिलेले असेल तोच त्याचा आधार.

या पद्धतीतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. खरेदीखत झाले म्हणून तलाठी लगेच सातबाऱ्यावर नवे नाव चढवीत नसे. आधी नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद, सातबाऱ्यावर नुसती पेन्सिलीची खूण, मग संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी मुदत, आणि वरच्या अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर शाई. पेन्सिल खोडता येते. शाईने लिहिलेले फिरवायचे म्हणजे कचेरीचे खेटे!

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी दप्तरे आज का उकरली? तर संगणकामुळे.

संगणकाला दोन रीतींनी काम सांगता येते. एक, चित्रांवर बोट ठेवून. दुसरी त्याहून जुनी : काळ्या पडद्यावर एक ओळ टंकावयाची आणि कळ दाबावयाची. या दुसऱ्या रीतीला कमांड लाइन म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली बांधली आणि १९७१ च्या नोव्हेंबरात तिच्या हुकमांची पहिली पुस्तिका काढली. प्रत्येक हुकमाचे पान एकाच साच्याचे : नाव, लिहिण्याची रीत, वर्णन, चुकल्यास मिळणारे निरोप. आणि एक सदर 'बग्ज', म्हणजे दोष. आपल्याच मालातले खोट आपल्याच हाताने लिहून ठेवणारे कारागीर तुम्ही किती पाहिलेत?

त्या पुस्तिकेत 'आरएम' नावाचा हुकूम आहे. तो कागद पुसून टाकतो. पुसलेला कागद टोपलीत जात नाही, जातो तो जातोच. माणूस असा हुकूम टंकताना क्षणभर थबकतो, शेजारच्याला विचारतो, म्हणून पन्नास वर्षे अर्धवट लिहिलेल्या पुस्तिकांवरही निभावून गेले.

पण वाचणारा बदलला. २०२५ साली संगणकाचे हुकूम स्वतःच टंकणारे एआय एजंट एकामागून एक बाजारात आले. (एजंट म्हटले की आपल्याकडे विम्याचा माणूस डोळ्यांपुढे येतो, हा तसा नव्हे, हा नेमून दिलेले काम करणारा यंत्रातला मुनीम.) हा पुस्तिका भराभर वाचतो, पण लिहिणाऱ्याच्या मनात काय होते ते त्याला कळत नाही. जागा कोरी दिसली की अंदाजाने भरतो, आणि कित्येकदा तो अंदाज खात्रीच्या सुरात सांगतो. मध्येच एखाद्या हुकमाने "हो की नाही?" असे विचारले आणि उत्तर कसे द्यायचे ते कोठे लिहिलेलेच नसले, तर काम तेथेच अडून राहते.

तेव्हा अशा वाचकासाठी लिहिताना 'योग्य तो पर्याय वापरावा' हे वाक्य कुचकामी. कोणता पर्याय, कोणत्या वेळी, आणि त्याचे एक चालते उदाहरण हवे. काम झाले तर शून्य आणि फसले तर दुसरा अंक परत करावयाचा, ही हुकमांची जुनी चाल आहे. कोणत्या अंकाचा अर्थ काय, हे पानावर हवे. चुकीचा निरोप 'काम झाले नाही' एवढाच नको, पुढे काय करावे तेही त्यात हवे. आणि सर्वांत आधी, हा हुकूम नुसता वाचतो, बदलतो की पुसतो, हे पहिल्याच ओळीत.

चांगल्या साधनांत आज 'ड्राय रन' नावाचा पर्याय असतो. तो दिला की काय काय बदलेल त्याची यादी मिळते, प्रत्यक्षात काहीच बदलत नाही. म्हणजे आपली पेन्सिलच की! मात्र ती आहे हे पुस्तिकेत लिहिलेले नसेल तर एजंट सरळ शाई उचलतो.

१९७१ चे ते दोषांचे सदर आज पुष्कळ पुस्तिकांतून गळले आहे. विक्रीच्या दृष्टीने ते बरे दिसत नाही, हे मला समजते. पण एजंटासाठी लिहिणाराने ते आधी लिहावे. 'नाव रिकामे ठेवल्यास हा हुकूम सर्व खाती निवडतो' एवढी एक ओळ तेथे असली, तर एखाद्या गावच्या दूध संस्थेचे वर्षाचे हिशेब शाबूत राहतील.